हिरडीचं कलम: पहिले चौदा दिवस

तोंडातल्या टाळूवरून काढलेला जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा दाताच्या उघड्या पडलेल्या मुळावर शिवतात. पहिले दोन-तीन दिवस त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. खालून झिरपणाऱ्या द्रवावरच तो तगतो. म्हणून तो हलला की संपलं. ओठ ओढून आरशात बघायचा मोह कटाक्षाने टाळा, कलमं बरेचदा त्यानेच सुटतात.

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, दहा मिनिटं ठेवून दहा मिनिटं विश्रांती. गार, मऊ खाणं: दहीभात, गार केलेली पेज. चिवडा, भाकरीचा पापुद्रा, तिखट नको. स्ट्रॉ नको, जोरात थुंकूही नका.

टाळूतून रक्त आलं तर ओला गॉज (जखमेवर लावायचं जाळीदार कापड) पंधरा-वीस मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उचलून पाहू नका.

कलमाच्या जागी ब्रश नाही. दुसऱ्या दिवसापासून क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक माउथवॉश) तोंडात नुसतं फिरवा, खळखळून चूळ नको. कलमावर पांढुरकी साय दिसेल. ती वरची मेलेली त्वचा, पू नव्हे. खरवडू नका. वाढती सूज, ताप किंवा दुर्गंधी असेल तर मात्र लगेच दाखवा.

तंबाखू, मिश्री, विडी पूर्ण बंद. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि कलम उपाशी मरतं. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात.