कोलेस्टेरॉलची गोळी सुरू आहे ना? मग या चुका टाळा

"भाऊ, रिपोर्ट त नॉर्मल आला, आता कायले खाऊ गोळी?" औषधाच्या दुकानात बसून हा प्रश्न मी सतत ऐकतो, आणि सगळ्यांत महागात पडणारी चूकही हीच आहे. रिपोर्ट चांगला आला तो गोळी सुरू होती म्हणून. शरीरातल्या कोलेस्टेरॉलचा मोठा वाटा आपलं यकृतच तयार करतं. अटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन या 'स्टॅटिन' गटातल्या गोळ्या तिथेच लगाम घालतात आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उचलून घ्यायची यकृताची क्षमता वाढवतात. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा होता तिथे. निंदण झालं म्हणून तण कायमचं गेलं, असं आपल्याकडचा एकही शेतकरी म्हणणार नाही. गोळीच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच धरून चालतो.

यात दुसरी फसगत रिपोर्टच्या कागदावर असते. एलडीएलच्या आकड्यासमोर '100 पेक्षा कमी' अशी मर्यादा छापलेली असते आणि आपला आकडा 95 आला की माणूस निश्चिंत होतो. पण ज्याला हार्ट अटॅक येऊन गेला किंवा स्टेंट, म्हणजे हृदयाची नस उघडी ठेवणारी जाळी, बसला, त्याचं एलडीएल 70 च्या खाली हवं. अनेक हृदयरोगतज्ज्ञ तर 55 च्या खाली ठेवायला सांगतात. छापलेली मर्यादा सगळ्यांसाठी सारखीच असते, तुमची मर्यादा तुमच्या आजारावर ठरते. डॉक्टरांना सरळ विचारा, "माझा आकडा किती पाहिजे?" आणि तो फाइलवर लिहून घ्या.

स्टेंटवाल्यांची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून नागपूरला किंवा अमरावतीला अँजिओप्लास्टी, म्हणजे नस उघडून स्टेंट बसवणं, होते, पेशंट घरी येतो, सोबत दिलेल्या गोळ्या संपतात. गावातल्या दुकानात त्याच कंपनीच्या गोळ्यांचा पत्ता मिळत नाही आणि औषध तिथेच तुटतं. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. आतलं औषध आणि मिलिग्रॅम तेच असलं म्हणजे झालं. दवाखान्यातून सुट्टी झाल्याचं कार्ड घेऊन दुकानात या, आम्ही जुळवून देतो. जनऔषधी केंद्रात हीच गोळी बरीच स्वस्त मिळते.

आणखी एक घोळ आहे. बरेच जण कोलेस्टेरॉलच्या गोळीलाच 'रक्त पातळ करायची गोळी' समजतात. दात काढायचा ठरला की सगळेच पत्ते बाजूला ठेवतात. स्टॅटिनने रक्त पातळ होत नाही. ते काम ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचं. स्टेंट असताना तीही मनाने बंद करायची नाहीत, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

अंग दुखतं, म्हणजे गोळीच लागली?

दिवसभर सोयाबीन सोंगून आल्यावर मांड्या, पाठ दुखणारच. दोष गोळीला जातो. स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात हे खरं आहे. पण 2022 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मोठ्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं, त्यात स्टॅटिन घेणाऱ्यांच्या 90 टक्क्यांहून जास्त स्नायूदुखीचं कारण ती गोळी नव्हतीच. तेव्हा मनाने बंद करू नका. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे सारखेच दुखत असतील, जिना चढताना पाय उचलत नसतील, तर डॉक्टरांना दाखवा. ते सीपीके, म्हणजे स्नायूंची इजा कळणारी रक्ताची तपासणी, करून डोस कमी करतील किंवा गोळी बदलतील. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी दिवसभर वावरात राहिल्यावर जांघेत, कमरेला गजकर्ण होतं. माणूस दुकानात येतो आणि म्हणतो, "खाजेच्या कॅप्सूल द्या, मागच्या वेळच्याच." त्या कॅप्सूल पुष्कळदा इट्राकोनॅझोलच्या असतात. अटोरव्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन सुरू असताना त्या घेतल्या, तर स्टॅटिन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, रक्तातली मात्रा चढते आणि स्नायूंना खरोखरच इजा होऊ शकते. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. म्हणून खाज असो की खोकला, कुठलंही नवं औषध घेताना आधी सांगा, "मले कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे." एवढं एक वाक्य पुरतं. दिवस राहिले असतील किंवा मूल हवं असेल, तर बाईने हेच वाक्य डॉक्टरांना लवकरात लवकर सांगावं.

एकादशीला किंवा महालक्ष्म्यांच्या गडबडीत गोळी चुकवू नका. अटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन दिवसा-रात्री कधीही चालतात, जेवणानंतरच हवी असंही नाही. सकाळी लवकर वावरात जाणाऱ्याने रात्रीची वेळ ठरवावी. उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली किंवा चुलीवरच्या फळीवर पत्ते ठेवू नका. घरातला गार, कोरडा कोनाडा बघा.

तेलाच्या पिप्यावरचा शिक्का

'कोलेस्टेरॉल फ्री' असं पिप्यावर लिहिलेलं वाचून हात सैल सोडू नका. सरकी, सोयाबीन, शेंगदाणा, करडई, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. बघायचं असतं ते किती तेल पोटात जातं हे. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटरच्या आत भागायला हवं. पिपा केव्हा फोडला त्याची तारीख त्याच्यावरच लिहून ठेवा, हिशोब आपोआप समोर येतो. वडाभातावर ओतायचं फोडणीचं तेल आणि रश्श्यावरची तर्री सणावारापुरती ठेवा, रोज नको.

अंडं खाणाऱ्याला घरचे बोलतात आणि चहासोबत रोज खारी-टोस्ट, बाजाराच्या दिवशी पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातला आलूबोंडा, याकडे कोणाचं लक्ष नसतं. माझ्या मते आधी हे थांबवावं. ज्वारीची भाकर, बरबटी, पोपटाच्या शेंगा, जवसाची चटणी हे आपलं जुनं जेवण कोलेस्टेरॉलसाठी चांगलंच आहे. जवस भाजून कुटलेलं हवं, अख्खं दाणं तसंच पोटातून निघून जातं. फक्त चटणीवर तेलाची धार धरू नका. आणि जवस, लसूण किंवा 'नसा मोकळ्या करणारा' महागडा काढा गोळीची जागा घेत नाही. नुसत्या पथ्याने एलडीएल साधारण 10 ते 15 टक्के उतरतं, तर स्टॅटिनच्या मोठ्या डोसने निम्म्यावर येतं.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, सुटल्याशिवाय हृदयाचा धोका पुरता कमी होत नाही. तंबाखू तोंडात धरली तरी हृदयाला लागते. दारूने ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, चढतं, ते 500 च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते.

गोळी सुरू केल्यावर दीड ते तीन महिन्यांत तपासणी पुन्हा करा, मग डॉक्टर सांगतील तशी. नेमाने गोळी घेऊनही आकडा हलत नसेल तर थायरॉइड तपासा. ते मंद असलं की कोलेस्टेरॉल चढतं.

"अंगावर मांस नाही, मले कायचं कोलेस्टेरॉल?" हेही फार ऐकतो. काही घरांत वाढलेलं कोलेस्टेरॉल आईबापाकडूनच येतं. गोळी सुरू होण्याआधी एलडीएल 190 च्या वर असेल, किंवा वडिलांना, भावाला वयाच्या 55 च्या आत अटॅक आला असेल, तर त्या घरातल्या मुलांचीही तपासणी करून घ्या, पोरगं कितीही काटक असलं तरी.