बुलेटचं इंजिन न खोलता नेमका टॉप कसा काढायचा

घरी पॉइंटवाली (म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्कांनी ठिणगी पाडणारी) जुनी कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५० असेल, तर पिस्टन टॉपला, म्हणजे त्याच्या सगळ्यात वरच्या जागी, आणणं हातात बसलंच पाहिजे. टॅपेट (व्हॉल्व्हचा खेळ) लावायचा असो की टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), काम तिथूनच सुरू होतं.

गाडी मेन स्टँडवर घ्या, चावी बंद करा. प्लगच्या बुडाशी साचलेली माती सायकलच्या पंपाने उडवा, मगच प्लग काढा. बारीकसा खडा आत पडला तरी सिलिंडरला कायमचा ओरखडा पडतो. आता चौथा गिअर टाका, म्हणजे मागचं चाक हाताने फिरवून इंजिन हळूहळू फिरवता येतं.

इंजिन फोर स्ट्रोक, त्यामुळे पिस्टन दोनदा टॉपला येतो. आपल्याला हवा कॉम्प्रेशनचा, म्हणजे आतली हवा दाबली जाते तेव्हाचा, टॉप. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून चाक पुढे फिरवा. हवा अंगठा ढकलून फस्सकन बाहेर आली की तोच फेरा. मग लांब प्लास्टिकची स्ट्रॉ भोकात सोडा आणि टोक हातात धरून ठेवा. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, भोक तिरकं आहे, लोखंड अडकलं की हेडचे आटे जातात. स्ट्रॉ वर यायची थांबली की टॅपेटचं झाकण उघडा. थंड इंजिनवर दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उभ्या दांड्या) बोटांनी फिरल्या पाहिजेत, पण वरखाली खेळ नको.

टॅपेटला एवढं पुरतं, टायमिंगला नाही. टॉपजवळ पिस्टन रेंगाळतो. क्रँक (पिस्टनला जोडलेला इंजिनचा मुख्य दांडा) ५ अंश फिरला तरी पिस्टन पाव मिलिमीटरही हलत नाही. म्हणून टॉप शोधायचा नाही, दोन बाजूंचा मध्य काढायचा.

जुन्या प्लगचं चिनीमातीचं पोट काढून त्यात गोल टोकाचा बोल्ट घट्ट बसवा. क्लचकडचं कव्हर काढून क्रँकच्या टोकाला ३६० अंशांची चकती लावा, केसिंगला तारेचा काटा. अंदाजे टॉपला काटा शून्यावर आणा. पिस्टन थोडा खाली नेऊन बोल्टवाला प्लग बसवा. चाक पुढे फिरवा, पिस्टन अलगद टेकेल; आकडा लिहा. उलटं फिरवून दुसरीकडे टेकवा. समजा शून्यापासून एकीकडे ३४ आणि दुसरीकडे ४० अंश आले. बेरीज ७४, निम्मे ३७. क्रँक न हलवता चकती सरकवून काट्यासमोर ३७ आणा, दोन्हीकडे ३७ येतात का पुन्हा बघा. आता शून्य म्हणजे खरा टॉप.

बोल्टवाला प्लग लगेच काढा. तो आत असताना किकला पाय लागला तर पिस्टन फुटेल. टायमिंग टॉपआधी ०.८ मिलिमीटर, म्हणजे चकतीवर जवळजवळ १० अंश. थोडं मागे जाऊन पुढे येत तिथे थांबा. पॉइंटमध्ये धरलेला सिगारेटचा पातळ कागद त्याच जागी सुटला पाहिजे.