370 झेडच्या केबिनमधला टायरचा आवाज: आधी ओळखा, मग अडवा

निसान 370 झेडमध्ये ताशी 80 च्या वर गेलं की पाठीमागून एक सलग घूंघूं सुरू होते. गाडी बिघडलेली नसते, तिची रचनाच तशी आहे. 2009 ते 2020 या मॉडेल-वर्षांतल्या या दोन सीटच्या, पक्क्या छपराच्या (कूपे) गाडीत सीटच्या मागे भिंत नाही. डिकी आणि केबिन मिळून एकच डबा, आणि त्या डब्यात मागची दोन्ही व्हील आर्च (चाकांवरच्या पत्र्याच्या कमानी) शिरलेली. वर झाकण म्हणून पातळ प्लास्टिक आणि गालिचा. सेदानमध्ये मागची सीट, तिचा फोम आणि सीटमागचा पत्रा जेवढं अडवतात, तेवढं इथे अडवायला काहीच नाही. त्यात स्पोर्ट पॅकेजचे 19 इंची रिम असले तर मागे 275/35 चा टायर (रुंदी 275 मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या 35 टक्के), म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत जेमतेम 96 मिलिमीटर रबर.

म्हणून दारांना आवाज अडवणारी शीट चिकटवून सुरुवात करू नका. ॲक्सेसरीवाले तेच सुचवतात, कारण दार उघडायला सोपं. पण इथे आवाज पाठीमागून येतो. आधी टायर, मग डिकी, आणि दारं सगळ्यात शेवटी.

कुठला आवाज आहे ते आधी ठरवा

सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी 80 ला गाडी न्यूट्रलमध्ये टाका (इंजिन बंद करायचं नाही). जो आवाज एकदम पडला तो इंजिन-एक्झॉस्टचा. उरला तो टायर आणि वाऱ्याचा. वेगाबरोबर हळूहळू वाढणारा, पण डांबरावरून काँक्रीटवर जाताच क्षणात बदलणारा आवाज टायरचा. शंभराच्या पुढे काचेच्या कडेला येणारी फुसफुस वाऱ्याची.

मुंबई-पुणे एक्सप्रेस वेसारख्या काँक्रीटवर दोन आवाज मिसळतात, ते वेगळे ऐकायला शिका. पृष्ठभागावर पाडलेल्या चऱ्यांमुळे येतो तो सलग रडका सूर. सांध्यांची टकटक वेगळी: सांधे 4.5 मीटरवर असतील तर ताशी 80 ला सेकंदाला साधारण पाच ठोके. चऱ्यांचा सूर टायर बदलून बराच उतरतो. टकटक सस्पेन्शनमधून पत्र्यात येते, ती फारशी उतरत नाही.

तिसरा एक आवाज बऱ्याच जणांना ओळखता येत नाही. सांध्यावर किंवा खड्ड्याच्या कडेवर चाक आपटलं की रिकाम्या पिंपावर टिचकी मारल्यासारखा 'टंग्ग' येतो. ही टायरच्या आत कोंडलेल्या हवेची गुंज. 275/35 आर 19 मध्ये हवेच्या कड्याचा सरासरी घेर सुमारे 1.82 मीटर आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला तर गुंज 190 हर्ट्झच्या आसपास येते. ती धुरा आणि सस्पेन्शनमधून थेट पत्र्यात शिरते. तिच्यावर डिकीतल्या शीटचा उपाय अर्धाच चालतो.

व्हील बेअरिंगचा संशय असेल तर मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 ला गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घरघर वाढली तर उजवं बेअरिंग, उलट झालं तर डावं. दोन्हीकडे काहीच फरक नाही म्हणजे बहुधा टायर. बेअरिंग गेलेलं असताना शीट लावणं म्हणजे दुखणं झाकणं.

मोजायचं तर मोबाइलवरचं ॲप चालेल. आकडा खरा नसतो, पण तुलना खरी मिळते. तोच फोन, तीच जागा, तोच रस्त्याचा तुकडा, ताशी 80, एसीचा पंखा बंद, 30 सेकंदांची सरासरी, दोन्ही दिशांना. एक मेख आहे. बहुतेक ॲप डीबी(ए) दाखवतात, म्हणजे कानाच्या संवेदनेप्रमाणे खालचे सूर कमी धरून काढलेले डेसिबल, आणि हे ए-वेटिंग 200 हर्ट्झच्या आवाजातून जवळजवळ 11 डेसिबल वजा करतं, 100 हर्ट्झला 19. डोकं उठवणारी घूंघूं नेमकी याच पट्ट्यात असते. खालचे सूर जवळजवळ जसेच्या तसे मोजणारं सी-वेटिंग निवडा, किंवा स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप घेऊन 190 च्या आसपासचा सुळका पाहा. नाहीतर काम झाल्यावर कानाला फरक कळेल आणि आकडा जागचा हलणार नाही, किंवा नेमकं उलटं होईल.

टायर

नवे घेण्याआधी आहेत ते तपासा. बाजूच्या भिंतीवर डॉट कोडचे शेवटचे चार अंक पाहा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक होतं आणि खरखर वाढवतं. झेडसारखी गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर फिरते, त्यामुळे इथे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

मग तळहात टायरवर घेराच्या दिशेने आधी पुढे, मग मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातासारखं अडकत असेल तर ठोकळे एका कडेने झिजलेत. हा आवाज हुबेहूब बेअरिंगसारखा येतो. हात आडवा फिरवताना अडकला तर टो (चाकं सरळ पुढे न बघता आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलेला आहे. अलाइनमेंट आधी, टायर नंतर. उलट केलं तर नवा टायरही काही हजार किलोमीटरमध्ये तसाच गायला लागेल. लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग) घातलेल्या गाडीत मागचा कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकण्याचा कोन) वाढतो आणि आतली कड आधी जाते. ती वाकून, हात घालूनच पाहावी लागते. पुढचे-मागचे साइज वेगळे असल्याने टायर पुढे-मागे फिरवता येत नाहीत. असिमेट्रिक (आतली-बाहेरची बाजू वेगळी) नक्षी असेल तर डावा-उजवा अदलाबदल होते, डायरेक्शनल (एकाच दिशेने फिरणारी) असेल तर रिमवरून उतरवल्याशिवाय तेही नाही.

हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरइतकीच, टायर थंड असताना. पंपावर "हायवेला जाताय" म्हणून चार-पाच पीएसआय जास्त भरून दिली जाते आणि घरी येईपर्यंत डोकं दुखतं.

नवा टायर निवडताना युरोपियन लेबलवरच्या डेसिबलवर भाळू नका. तो आकडा रस्त्याच्या कडेला मायक्रोफोन ठेवून मोजलेला, शेजाऱ्यांसाठीचा आहे. केबिनमध्ये काय पोहोचतं ते त्यात नाही. ट्रॅकसाठी बनवलेल्या टायरपेक्षा ग्रँड टूरिंग किंवा आरामदायी जातीचा टायर इथे सर्वात मोठा फरक पाडतो. पकड थोडी जाते, हे मान्य करूनच घ्या. कॉन्टिनेंटलचा कॉन्टीसायलेंट, मिशेलिनचा अकूस्टिक, पिरेलीचा पीएनसीएस हे आतून फोम चिकटवलेले प्रकार वर सांगितलेली 190 हर्ट्झची गुंज खातात. खरखरीवर त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. आपल्या साइजमध्ये तो प्रकार निघतो का, हे दुकानात जाण्याआधी पाहून घ्या. पंक्चर काढताना तेवढ्या जागेचा फोम कापावा लागतो, तेव्हा ते जमणारं दुकानही शोधून ठेवा.

18 इंची रिमवर यायचं असेल तर मूळ साइज पुढे 225/50, मागे 245/45. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, मागची भिंत 96 वरून 110 मिलिमीटर होते. पण स्पोर्ट पॅकेजच्या ब्रेकची पुढची डिस्क 355 मिलिमीटरची आहे, आणि प्रत्येक 18 इंची रिम त्या कॅलिपरवरून (डिस्क पकडणाऱ्या ब्रेकच्या भागावरून) जात नाही. घालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. चाकाचे नट टॉर्क रेंचने 108 न्यूटन-मीटरला आवळा.

डिकी उघडण्याआधी

मागचं झाकण विजेच्या बटणावर उघडतं. ते आधी उघडा, दोन्ही काचा खाली घ्या, आणि मगच बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. काचा वर ठेवून बॅटरी काढली तर दार उघडताना काच जरा खाली सरकत नाही आणि रबरावर घासते. सीट काढणार असाल तर एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावण्याआधी दहा मिनिटं थांबा.

गालिचा, कडेची प्लास्टिक पॅनेल, टूलचा ट्रे हे सगळं क्लिपांवर आहे. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, प्लास्टिकची पट्टी वापरा. दहा-बारा क्लिपा तुटणार हे धरून आधीच आणा. सैल क्लिप म्हणजे नवा खडखडाट. बोस सिस्टिम असेल तर स्टेपनीच्या भागातल्या सबवूफरची तार जपा.

काय, कुठे, किती

तीन थर, तिघांचं काम वेगळं. 2 मिलिमीटरचं ॲल्युमिनियम पाठीचं ब्यूटाइल (चिकट रबरी शीट) पत्र्याचं थरथरणं मारतं. आवाज अडवत नाही. त्याच्यावर 5-6 मिलिमीटरचा बंद पेशींचा फोम. त्यावर चौरस मीटरला 5 किलोचं मास लोडेड व्हिनाइल (जड, लवचीक चादर), अडवण्याचं खरं काम त्याचं. फोम वगळून व्हिनाइल थेट पत्र्यावर टाकलं तर ते पत्र्याबरोबरच हलतं आणि निम्मा फायदा जातो.

ब्यूटाइल अख्ख्या पत्र्यावर थापायची गरज नाही. सपाट भागाच्या मधोमध 25-30 टक्के पुरतं. पत्रा बोटाने वाजवा: 'टण' आला तिथे लावा, 'ठप्प' आला तिथे सोडा. व्हील आर्च मात्र पूर्ण झाका. मागच्या भागाला ब्यूटाइल सुमारे 2 चौरस मीटर, फोम आणि व्हिनाइल प्रत्येकी 2. एकूण वजन 16-17 किलो. दीड टनाच्या गाडीला चालून जातं.

पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा. शीट रोलरने इतकं दाबा की फॉइलवरची नक्षी सपाट होईल. हातमोजे घाला, फॉइलची कड ब्लेडसारखी कापते. व्हिनाइलचे सांधे 3-4 सेंटिमीटर एकावर एक घेऊन टेप लावा. आर्च जिथे गाडीच्या तळाच्या पत्र्याला मिळते तो कोपरा आणि सीटबेल्टचं तोंड इथेच बहुतेकांचं काम गळतं. पाण्याप्रमाणेच आवाजही फटीतून येतो, आणि चार बोटांची फट शेजारच्या अख्ख्या चादरीची मेहनत घालवते. प्लास्टिक पॅनेलच्या मागच्या पोकळीत थिन्सुलेटसारखा पाणी न धरणारा कापूस भरा. चिंध्यांचं नमदं नको. पावसाळ्यात ओलं राहून खालचा पत्रा गंजवतं.

स्वस्त डांबरी शीट टाळा. मे महिन्यात बंद गाडीत ते मऊ पडतं, घसरतं आणि महिनोन् महिने वास मारतं. पोकळ्यांमध्ये फुगणारा स्प्रे फोम तर अजिबात नको, पाण्याच्या वाटा बुजतात. खाली पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या आहेत, तेव्हा कुठेही भोक पाडू नका. बाहेरून आर्चमध्ये लावायचं असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दबल्यावर टायर घासणार नाही एवढी जागा आधी मोजा, आणि एक्झॉस्टजवळ काहीही चिकटवू नका.

दारं

दारांना चौकट नाही, काच थेट रबरावर बसते. दहाची नोट रबर आणि काचेमध्ये धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून वारा येतो; काचेची बैठक जुळवून घ्या, रबराला सिलिकोन ग्रीस लावा. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइलचे दोन-तीन तुकडे पुरे. खालची पाण्याची भोकं उघडी ठेवा.

आधीच्या मालकाने सस्पेन्शनला रबराऐवजी कडक पॉलियुरेथेन बुश किंवा पिलोबॉलचे (धातूच्या गोळ्याच्या सांध्याचे) कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग-शॉकचे संच, बसवले असतील तर वरचं सगळं करूनही घूंघूं राहील, कारण तिथे रबरच उरलेलं नसतं. शीट विकत घेण्याआधी गाडी लिफ्टवर घेऊन हे पाहून घ्या.