वस्तीत ताई-दादा गट चालू करायचाय? मग हे वाचा

पहिलं सांगायचं म्हणजे उद्घाटन ठेवू नका. नारळ, फ्लेक्स, साहेबांच्या हस्ते वह्यावाटप, फोटो, हे एकदा झालं की सगळ्यांना वाटतं काम झालं आणि पुढच्या शनिवारी हॉलमध्ये नुसत्या खुर्च्या. कुठल्याही मंडळाला विचारा, हेच सांगतील.

काम तसं साधंय. आठवी ते बारावीतल्या एका पोराला किंवा पोरीला एक मोठं माणूस, म्हणजे ताई किंवा दादा, मिळवून द्यायचं, जे घरचं नाही, शाळेतलं नाही, क्लासवालं तर नाहीच, आणि जे वर्षभर ठरल्या वारी ठरल्या वेळी येतं. बास. सल्ले देणारे वस्तीत ढिगाने आहेत हो, प्रत्येक नाक्यावर एक काका बसलेलेच असतात, नेमाने येणारं माणूस मात्र शोधावं लागतं, आणि तेवढंच जमवलं तरी निम्मं काम झालं.

सुरुवात सहा-सात पोरांपासून करा, जास्त नको. पोरं कोण घ्यायची हे तुम्ही ठरवू नका, वस्तीतल्या आशा सेविकेला नाहीतर अंगणवाडीच्या ताईंना विचारा, कोणाचा बाप पितो, कोणाची शाळा सुटायला आलीये, कोणत्या पोरीच्या लग्नाचं घरात चाललंय, सगळं त्यांना माहीत असतं. मग शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. ते हमखास हुशार पोरांची यादी देतील, ती नम्रपणे बाजूला ठेवा आणि म्हणा, सर, मागच्या बाकावरची सांगा.

ताई-दादा गोळा करताना डिग्री बघू नका. बँकेत लागलेला मंडळातला पोरगा, नर्सिंग केलेली ताई, रिटायर झालेले एसटीचे कंडक्टर, सगळे चालतात. एकच प्रश्न विचारायचा: पुढच्या जूनपर्यंत दर शनिवारी पाच ते साडेसहा मोकळे आहात का? जो "बघतो, जमवतो" म्हणेल त्याला चहा पाजा आणि सोडून द्या. खरं सांगतो, उत्साहाने येऊन दोन महिन्यांत गायब होणारा दादा न आलेलाच बरा, कारण ज्या पोराला आधीच सगळ्यांनी टांग दिलीये त्याला अजून एकाने दिली असं होतं.

आता सेफ्टी, यात कुणाचीही भीड धरायची नाही, अध्यक्षांचा पुतण्या असला तरी. प्रत्येकाचा पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणी दाखला घ्या, ऑनलाइन अर्ज करता येतो. पालकांची लेखी संमती घ्या. भेट कायम उघड्यावर, समाजमंदिर, विहार, देवळाचा सभामंडप, शाळेचा वर्ग, जिथे येणारा-जाणारा बघू शकतो. कुणाच्या घरी नाही, एकट्याला गाडीवर बसवून फिरवणं नाही, रात्रीचं व्हॉट्सअपवर पर्सनल चॅटिंग नाही, ग्रुपवरच बोला. मुलींना शक्यतो ताईच द्या. आणि पोराने काही वाईट घडल्याचं सांगितलं तर "घरातल्या घरात मिटवू" हा प्रकार चालत नाही, २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती कळलेल्याने ती पोलिसांना द्यावीच लागते, न देणं हा गुन्हा आहे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

पहिल्या दोन-तीन भेटींत मार्कांचं नाव काढू नका. कॅरम खेळा, भेळ खा. नवीन दादा हटकून विचारतो, "मोठा होऊन काय होणार?" आणि पोरगं पटकन म्हणतं "पोलिस", कारण तेवढं म्हटलं की प्रश्न संपतात हे त्याला कळलेलं असतं. तिथे "शाब्बास, मेहनत कर" म्हणून मोकळं व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला भरतीची पोरं पळतात त्या ग्राउंडवर यायला सांगा, बाकीची पोरंही आणा आणि तुम्हीही जा. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, मुलींना ८०० मीटर, आणि त्यानंतर लेखी परीक्षा, हे डोळ्यांनी बघू दे. कदाचित तो दुसऱ्या राउंडलाच बसेल आणि म्हणेल, दादा, मला खरं तर गाड्या खोलायला आवडतात. मग आयटीआयचं बोलणं निघतं, आणि तिथे काही ट्रेडना दहावी नापासही चालतं हे घरात कुणालाच माहीत नसतं.

आणि सगळ्यात जास्त उपयोग कशाचा होतो माहितीये? कागदांचा. प्रेरणादायी भाषण कुणाच्या लक्षात राहत नाही, पण जातीचा दाखला वेळेत निघाला तर ॲडमिशन वाचते. आणि तो दाखला एका दिवसात निघत नाही, जुना पुरावा लागतो, एससीसाठी १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१, ओबीसींना १९६७, म्हणजे आजोबांच्या गावच्या शाळेतला दाखला शोधायला कुणीतरी गावी जायला पाहिजे. हे दिवाळीच्या सुट्टीत उरकायचं, कारण निकालानंतर दाखले काढायच्या सेतू केंद्रात नुसती झुंबड. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल म्हणजे रहिवासाचा दाखला, आधारला लिंक असलेलं बँक खातं, हेही तेव्हाच.

आठवीतली पोरं असतील तर एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म शाळेतून भरला का हे विचारत राहा. सरकारी किंवा अनुदानित शाळा आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर बसता येतं, निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीने, अकरावीला जाता येतं, पुरवणी परीक्षा आहे, शाळा सुटलेल्यांना बाहेरून परीक्षा द्यायला १७ नंबरचा फॉर्म आहे. निकालाच्या दिवशी दादाने नापास झालेल्याच्या घरी आधी जायचं, मात्र जोडीने, सोबत एक ताई घेऊन. पास झालेल्यांकडे पेढे खायला संध्याकाळी गेलात तरी चालतं.

महिन्यातून एकदा सगळ्या ताई-दादांनी पोरांशिवाय बसायचं, अडलेलं बोलायचं, एका वहीत तारीख आणि दोन ओळी लिहायच्या. पोरांच्या घरचं बाहेर बोलायचं नाही, कट्ट्यावर तर अजिबात नाही. पैसे उधार द्यायचे नाहीत, फी भरायची असेल तर गटातर्फे थेट शाळेत भरा आणि पावती ठेवा.

बदली होते, लग्न होतं, माणसं जातात, त्याला इलाज नाही. पण जाणाऱ्याने महिनाभर आधी पोराला स्वतः सांगायचं आणि शेवटच्या दोन भेटींना नव्या दादाला सोबत घेऊन बसायचं. ग्रुप सोडल्याचा मेसेज बघून पोराला कळता कामा नये.