स्पॅनिश रिपोर्टातले स्नायू इंग्रजीत आणताना

फोरआर्मच्या दोन स्नायूंपासून सुरुवात करू: पाल्मार मायोर म्हणजे पाल्मारिस लाँगस नाही. पाल्मार मायोर म्हणजे फ्लेक्सर कार्पाय रेडिएलिस, आणि पाल्मारिस लाँगस स्पॅनिश रिपोर्टात पाल्मार मेनोर या नावाने येतो. स्पॅनिशमधून इंग्रजीत मेडिकल भाषांतर करू बघणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ही जोडी सांगते. 'मायोर' म्हणजे मोठा, 'लाँगस' म्हणजे लांब, दोघेही तळहाताकडे जाणारे, मग तोच असणार, असं जुळवून टाकायचा मोह फार होतो. वाक्य छान वाचलं जातं, तपासणाऱ्यालाही खटकत नाही. पण पाल्मारिस लाँगसचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, सर्जन काढून दुसरीकडे बसवायला (ग्राफ्ट म्हणून) वापरतात, आणि काही जणांच्या हातात तर हा स्नायूच नसतो. 'टेंडन शाबूत आहे' असं रिपोर्टात लिहिलं असेल, तर कोणता टेंडन हे नीट कळलंच पाहिजे.

मी फिजिओथेरपी केली, स्पॅनिश नंतर शिकले. पुण्यात या कामात येणारे बहुतेक जण उलट्या वाटेने येतात: रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या परकीय भाषा विभागात किंवा खासगी क्लासमध्ये स्पॅनिश, मग इन्स्तितुतो सेर्वांतेस या स्पेनच्या संस्थेची देले ही स्पॅनिशची परीक्षा, मग एजन्सीकडून मिळेल ते काम, आणि त्यात कधीतरी एक एमआरआय रिपोर्ट येऊन पडतो. भाषेकडून आलेल्यांना स्नायूंची नावं जास्त छळतात. एरवी मेडिकल शब्दांचा तोंडावळा दोन्हीकडे सारखा असतो. 'एपातितिस' वाचल्यावर हिपॅटायटिस लिहायला कोणी डिक्शनरी उघडत नाही. स्नायूंच्या बाबतीत मात्र या भरवशावर राहिलात की फसलात.

याचं कारण इतिहासात आहे, आणि ते एकदा समजलं की पाठांतर निम्मं होतं. शरीररचनेच्या नावांची पहिली आंतरराष्ट्रीय लॅटिन यादी १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला ठरली. इंग्रजीने स्नायूंसाठी लॅटिन नावं बरीचशी जशीच्या तशी ठेवली: फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस, लॅटिसिमस डॉर्साय, लेव्हेटर स्कॅप्युली. स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतले डॉक्टर मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेस्त्यू, रुव्हिएर अशा फ्रेंच शरीररचनाकारांचे ग्रंथ स्पॅनिश भाषांतरात वाचत आले. त्यामुळे त्यांची नावं फ्रेंच वळणाची आणि शब्द साधे स्पॅनिश. दोर्साल आंचो म्हणजे पाठीचा रुंद: लॅटिसिमस डॉर्साय. आंगुलार देल ओमोप्लातो म्हणजे खांद्याच्या फऱ्याचा कोपऱ्यावरचा: लेव्हेटर स्कॅप्युली. रेदोंदो मायोर म्हणजे मोठा गोल: टेरीस मेजर. अशी नावं शब्दशः इंग्रजीत नेली की 'ब्रॉड डॉर्सल' किंवा 'लार्ज राउंड' असलं काहीतरी तयार होतं, आणि अमेरिकेतला रेडिओलॉजिस्ट ते वाचून हसतो किंवा चिडतो.

त्यात आणखी एक थर आहे. १९९८ मध्ये 'तेर्मिनोलोगिया अनातोमिका' ही नवी आंतरराष्ट्रीय यादी आली आणि २००१ मध्ये स्पॅनिश शरीररचना संस्थेने तिची स्पॅनिश आवृत्ती काढली. त्यातली नावं लॅटिनच्या जवळची आहेत. पाल्मार मायोरचं झालं फ्लेक्सोर रादियाल देल कार्पो, सुपिनादोर लार्गोचं ब्राकियोर्रादियाल, रेक्तो इंतेर्नोचं ग्रासिल, आंगुलारचं एलेवादोर दे ला एस्कापुला. नवी नावं ओळखायला सोपी. अडचण एवढीच की जुनी गेलेली नाहीत. विद्यार्थी नवी शिकतात, त्यांना शिकवणारे सर्जन ऑपरेशन थिएटरमध्ये जुनी बोलतात, आणि एकाच रिपोर्टात वर 'ब्राकियोर्रादियाल' आणि खाली 'सुपिनादोर लार्गो' असतो. नवख्या माणसाला वाटतं, हे दोन स्नायू आहेत. स्नायू एकच आहे, ब्रॅकिओरेडिएलिस, आणि इंग्रजीत दोन्ही ठिकाणी हेच नाव द्यायचं. मूळ लेखकाचं नाव जुनं होतं हे दाखवायची गरज नाही. वाचणाऱ्या डॉक्टरला स्नायू हवा असतो.

आता खरे खड्डे. 'मायोर' हा एकच शब्द इंग्रजीत तीन रूपं घेतो. पेक्तोराल मायोर पेक्टोरॅलिस मेजर होतो, ग्लूतेओ मायोर ग्लुटियस मॅक्सिमस, आणि आदुक्तोर मायोर अडक्टर मॅग्नस. तिथेच शेजारी आदुक्तोर मेदियानो आहे, म्हणजे मधला. इंग्रजीत तो अडक्टर लाँगस, आणि आदुक्तोर मेनोर म्हणजे अडक्टर ब्रेव्हिस. मधल्याचा लांब कसा झाला, याची चिकित्सा करत बसू नका. स्पॅनिशने आकाराकडे पाहिलं, लॅटिनने लांबीकडे.

'इंतेर्नो' आणि 'एक्स्तेर्नो' यांनी तर मी कितीतरी चांगल्या भाषांतरकारांचं काम लाल झालेलं पाहिलंय. पायात, हातात, डोळ्यात बहुतेक वेळा इंतेर्नो म्हणजे मीडियल आणि एक्स्तेर्नो म्हणजे लॅटरल. वास्तो इंतेर्नो हा व्हास्टस मीडिएलिस, मालेओलो एक्स्तेर्नो हा लॅटरल मॅलिओलस. पण ऑब्तुरादोर इंतेर्नो हा ऑब्ट्युरेटर इंटर्नसच राहतो, आणि बरगड्यांमधले इंतेरकोस्तालेस एक्स्तेर्नोस हे एक्स्टर्नल इंटरकोस्टल्सच. मी स्वतःला एक प्रश्न विचारते: इथे शरीराच्या मध्यरेषेपासूनचं अंतर सांगितलंय, की पृष्ठभागापासूनची खोली? अंतर असेल तर मीडियल-लॅटरल, खोली असेल तर इंटर्नल-एक्स्टर्नल. बहुतेक ठिकाणी उत्तर बरोबर येतं.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो: एकच नाव, दोन-तीन मालक. रेक्तो इंतेर्नो मांडीत असेल तर ग्रॅसिलिस, आणि तिरळेपणाच्या ऑपरेशनच्या रिपोर्टात असेल तर डोळ्याचा मीडियल रेक्टस. ओब्लिकुओ मायोर पोटावर एक्स्टर्नल ऑब्लिक, डोळ्यात सुपीरियर ऑब्लिक. खेमेलोस म्हणजे जुळे. पोटरीत ते गॅस्ट्रोक्नीमियसचे दोन भाग असतात, पण खुब्याच्या एमआरआयमध्ये 'खेमेलो सुपेरियोर' दिसला तर तो सुपीरियर गेमेलस, ऑब्ट्युरेटर इंटर्नसला चिकटून बसणारा छोटासा स्नायू. पिरामिदाल खुब्यात पिरिफॉर्मिस असतो, ओटीपोटावर पिरॅमिडॅलिस, आणि मनगटाच्या एक्सरेत तो स्नायूच नसतो. तिथे ते ट्रायक्वेट्रम नावाचं हाड असतं. म्हणून ग्लोसरीत 'पिरामिदाल = पिरिफॉर्मिस' अशी एका ओळीची नोंद ठेवू नका. माझ्या एक्सेल शीटमध्ये शब्दाशेजारी एक रकाना फक्त 'शरीराचा कोणता भाग' यासाठी आहे, आणि तो रिकामा असेल तर मी ती नोंद वापरत नाही.

'क्रुराल'कडेही लक्ष ठेवा. इंग्रजीत क्रूरल म्हटलं की गुडघ्याखालचा पाय. जुन्या स्पॅनिशमध्ये क्रुराल म्हणजे मांडीचा. नेर्वियो क्रुराल ही फेमोरल नर्व्ह, बीसेप्स क्रुराल हा बायसेप्स फेमोरिस, आणि नुसता 'क्रुराल' म्हणजे व्हास्टस इंटरमीडियस. 'कुबिताल'चं तसंच: स्पॅनिशमध्ये तो अल्नाशी, म्हणजे फोरआर्मच्या करंगळीकडच्या हाडाशी जोडलेला, तर इंग्रजीत क्युबिटल फोसा म्हणजे कोपराचा पुढचा खळगा. कुबिताल आंतेरियोर हा फ्लेक्सर कार्पाय अल्नॅरिस आणि कुबिताल पोस्तेरियोर हा एक्स्टेन्सर कार्पाय अल्नॅरिस. पुढच्या बाजूचे स्नायू मनगट वाकवतात, मागचे ताठ करतात, एवढं माहीत असेल तर नावातून काम आपोआप कळतं.

एक नेहमीच्या धाटणीचं वाक्य घेऊन बघू: 'रोतुरा फिब्रिलार दे ग्रादो दोस एन ला उनियोन मियोतेंदिनोसा दिस्ताल देल खेमेलो इंतेर्नो, कोन एमातोमा दे ४,५ सेंतीमेत्रोस.' म्हणजे पोटरीच्या आतल्या बाजूचा स्नायू खाली जिथे टेंडनला जुळतो तिथे दुसऱ्या ग्रेडची फाट, आणि ४.५ सेंटिमीटरची साकळलेल्या रक्ताची गाठ. इथे फिब्रिलारला 'फायब्रिलर' करायचं नाही; इंग्रजी रेडिओलॉजिस्ट अशा जागी सरळ 'ग्रेड टू मसल टेअर' लिहितो. खेमेलो इंतेर्नो म्हणजे मीडियल गॅस्ट्रोक्नीमियस. ४,५ मधला स्वल्पविराम हा दशांश चिन्ह आहे, इंग्रजीत ४.५. रिपोर्ट मेक्सिकोचा असेल तर तिथे मुळातच टिंब वापरतात, म्हणून कागद कोणत्या देशातला आहे हे आधी बघायचं. खाली निदानाच्या ओळीत 'सिंद्रोमे दे ला पेद्रादा' लिहिलेलं असू शकतं. पेद्रादा म्हणजे दगडाचा फटका: पोटरीत मागून कोणीतरी धोंडा मारल्यासारखं पेशंटला वाटतं. इंग्रजीत याला टेनिस लेग म्हणतात. दगड इंग्रजीत नेऊ नका.

असंच पाता दे गान्सो, हंसाचं पाऊल. स्पॅनिश डॉक्टर ते बिनदिक्कत स्पॅनिशमध्ये म्हणतो, इंग्रजी डॉक्टर लॅटिनमध्ये पेस अन्सेरायनस म्हणतो. सार्टोरियस, ग्रॅसिलिस आणि सेमिटेंडिनोसस यांचे टेंडन गुडघ्याच्या आतल्या बाजूला खाली जिथे एकत्र लागतात, ती ही जागा. आणि आगुखेतास: स्पेनमध्ये व्यायामानंतरची स्नायूंची ठणक, मेक्सिकोत बुटाच्या नाड्या. फिजिओच्या नोंदीत संदर्भ कळतो, पण रुग्णाने भरलेल्या प्रश्नावलीत नेहमीच कळेल असं नाही.

'इन्सेर्सियोन' या शब्दावरून भाषावाले आणि मेडिकलवाले दोघेही घसरतात. इंग्रजीत स्नायूचं एक टोक ओरिजिन, दुसरं इन्सर्शन. स्पॅनिशमध्ये दोन्ही टोकांना इन्सेर्सियोन म्हणता येतं; 'इन्सेर्सियोन प्रोक्सिमाल' म्हणजे आपलं ओरिजिन. 'देसिन्सेर्सियोन प्रोक्सिमाल दे इस्कियोतिबियालेस' याचं इंग्रजी प्रॉक्झिमल हॅमस्ट्रिंग अव्हल्शन, म्हणजे मांडीमागचे स्नायू वरच्या टोकाला हाडापासून सुटणं. बायसेप्सच्या बाबतीत 'पोर्सियोन लार्गा' हे पोर्शन नसून लाँग हेड, आणि त्याचं लघुरूप पीएलबी इंग्रजीत कोणालाच कळत नाही.

लघुरूपांचा विषय निघालाच आहे तर: एमआयआय म्हणजे मियेंब्रो इंफेरियोर इस्कियेर्दो, डावा पाय. दोन आय, दोन वेगळे शब्द. एमआयडी म्हणजे उजवा. अनेकवचनात स्पॅनिश अक्षरं दुप्पट करते, म्हणून ईईआयआय म्हणजे दोन्ही पाय. आरओटी दिसलं तर रोटेशन समजू नका, ते टेंडन रिफ्लेक्स आहेत.

साधनं थोडीच पुरतात. स्पेनच्या रेआल आकादेमिया नासियोनाल दे मेदिसिनाचा वैद्यकीय शब्दकोश २०११ चा आहे आणि ऑनलाइन फुकट आहे. त्यात जुनी-नवी नावं आणि इंग्रजी प्रतिशब्द एकत्र मिळतात. साओ पाउलोच्या बिरेमे या आरोग्य-माहिती केंद्राचा देक्स हा शब्दसंग्रह स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इंग्रजी शेजारी ठेवतो. शेवटचा निकाल मात्र ॲनाटमीच्या ॲटलासनेच लावायचा. आरंभ, शेवट, काम, नर्व्ह: शेजारच्या स्नायूंचं काम आणि नर्व्ह पुष्कळदा एकच असते, म्हणून चारही जुळले तरच स्नायू पक्का समजा. वैद्यकीय शिक्षण नसलेल्यांनी सगळं शरीर पाठ करायची गरज नाही. खांदा, फोरआर्म, खुबा, मांडी, पोटरी एवढे भाग आधी नीट करा. माझ्या हाताखालून जाणारं बहुतेक काम इथलंच असतं, खेळातल्या दुखापती आणि विम्याचे दावे. चेहऱ्याचे स्नायू नंतर बघता येतात.

आजकाल एजन्सी बऱ्याचदा मशीनने केलेलं भाषांतर सुधारायला देते आणि पैसे कमी लावते. स्नायूंच्या रिपोर्टात हा सौदा मला फारसा पटत नाही. मशीन नवी नावं बरी ओळखतं, जुनी नावं पुष्कळदा शब्दशः उचलतं, आणि चूक इतकी गुळगुळीत असते की ती शोधायला नव्याने भाषांतर करण्याएवढाच वेळ जातो. दर ठरवण्याआधी दोन पानं नमुना मागा, त्यात जुनी नावं किती आहेत ते बघा आणि मग बोला. खऱ्या रुग्णाचा रिपोर्ट फुकटच्या ऑनलाइन भाषांतर यंत्रात टाकू नका. युरोपातल्या रुग्णाची आरोग्यविषयक माहिती २०१८ पासून जीडीपीआर या युरोपीय माहिती-संरक्षण कायद्याखाली खास संरक्षित आहे, आणि तुम्ही सही केलेल्या करारातही ते कलम बहुधा असतंच.

शंका असेल तर क्लायंटला विचारा, पण नीट विचारा. 'हा शब्द कळला नाही' या मेलला उत्तर येत नाही. असं लिहा: 'तिसऱ्या परिच्छेदात आब्दुक्तोर मायोर आहे, पण त्याच वाक्यात ऑब्ट्युरेटर नर्व्हचा उल्लेख आहे. आदुक्तोर मायोर अभिप्रेत असावा असं धरून अडक्टर मॅग्नस लिहिलं आहे, कृपया खात्री करावी.' ऑब्ट्युरेटर नर्व्ह जाते ती आदुक्तोर, म्हणजे पाय जवळ आणणाऱ्या स्नायूंना, म्हणून शंका येते. डॉक्टर डिक्टेट करतात, टाइप करणारा एक 'ब' जास्त घालतो, आणि जवळ आणणारा स्नायू दूर नेणारा होऊन बसतो. असा मेल वाचणाऱ्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं, त्यामुळे उत्तर लवकर येतं.

सरावासाठी पैसे घालवू नका. लॅटिन अमेरिकेतली नियतकालिकं सिएलो या ऑनलाइन संग्रहावर मोफत वाचता येतात आणि बऱ्याच लेखांना स्पॅनिश व इंग्रजी असे दोन्ही सारांश असतात. ट्रॉमॅटॉलॉजी किंवा स्पोर्ट्स मेडिसिनचा एक सारांश घ्या, इंग्रजी झाकून स्वतः भाषांतर करा, मग ताडून बघा. मात्र तिथलं इंग्रजी पुष्कळदा लेखकाने स्वतःच केलेलं असतं. तुमचं आणि त्याचं जुळलं नाही, तर ॲटलास उघडा. कधीकधी तुमचंच बरोबर निघतं.