परिसंवादात प्रश्नांना वेळच उरत नाही? माझा अनुभव

लातूरला आमचा रहस्यकथाप्रेमींचा मेळावा असतो. परिसंवाद ६० मिनिटांचा, वक्ते ५. तिसऱ्यापर्यंतच वेळ संपायचा. परभणी-नांदेडहून आलेले वाचक प्रश्न न विचारताच परत जायचे, फार जीव तुटायचा. घंटा वाजवली, चिठ्ठ्या पाठवल्या, उपयोग शून्य.

यंदा आधी वक्ते ३ केले. आठ दिवस अगोदर प्रत्येकाला फोनवर एकच प्रश्न दिला, विषय नाही; विषय दिला की भाषण तयार होतं. शाल-नारळ परिसंवादानंतर. उभं राहायचा पोडियम काढला, खुर्च्या अर्धगोलात मांडल्या. ओळख २ मिनिटं, प्रत्येकी ७, आपसांत चर्चा १५. उरलेली २२ श्रोत्यांची. फिरता माईक आधी मागच्या रांगेत नेला. पहिला प्रश्न वहीत लिहून आणलेल्या सातवीतल्या मुलीचा होता.