घड्याळवाल्यांच्या जीटीजीला (गेट-टुगेदरला) पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

घड्याळ कंपनीच्या बुटीकमधून, म्हणजे शोरूममधून, आमंत्रण आलं की पहिला प्रश्न बहुतेकांना हाच पडतो, की आपल्याकडे तर त्यांचं घड्याळच नाहीये, मग जायचं कोणत्या तोंडाने. बिनधास्त जा. फक्त येणार की नाही ते आधी कळवा, कारण खुर्च्या मोजक्या असतात, आणि सोबत मित्राला न्यायचं असेल तर विचारून न्या.

मी उदाहरण ओमेगाच्या स्पीडमास्टरवाल्यांचं घेतो, कारण त्या मंडळींत मी जास्त रमतो. तिथे तुम्हाला १९६९ ला चंद्रावर गेलेल्या घड्याळाची गोष्ट सांगणारे दहा जण भेटतील, ती ऐकून घ्या आणि मान हलवा. खरी मजा नंतर टेबलावर घड्याळांचा ट्रे येतो तेव्हा सुरू होते, कारण शोकेसच्या काचेपलीकडे लांबून बघितलेलं घड्याळ तिथे थेट हातात मिळतं. आणि नेमकं तिथेच नवे लोक गडबड करतात.

तर सगळ्यात आधी हातातलं कडं, अंगठ्या, ब्रेसलेट काढून खिशात टाका. मी एकदा कडं घालून कोणाचं तरी पॉलिश केलेलं घड्याळ उचललं, बारीकसा 'खर्र' आवाज आला आणि टेबलावरचे सगळे गप्प. ओरखडा केसाएवढाच होता, मालक हसून 'चालतं हो' म्हणाला, पण नंतर तो तासभर त्याच जागेवर अंगठा फिरवत होता ते मी बघितलंय. घड्याळ नेहमी ट्रेच्या वरच धरून बघायचं, उभं राहून खालच्या मार्बलवर तर अजिबात नाही, आणि घालून बघायचं असेल तर आधी विचारायचं.

बटणं आणि चावीला मालकाने हो म्हटल्याशिवाय हात लावू नका. क्रोनोग्राफ (घड्याळातलं स्टॉपवॉच) चालू असताना रिसेट दाबायचं नसतं, आधी थांबवायचं, मग शून्यावर आणायचं. तारखेचं तर विचारूच नका, हे कार्यक्रम संध्याकाळचे असतात आणि साधारण रात्री ९ ते ३ या वेळात बऱ्याच घड्याळांमध्ये तारीख बदलणारी चाकं एकमेकांत अडकलेली असतात, तेव्हा कोणी हौसेने तारीख पुढे ढकलली की दात तुटू शकतो. आणि फोन ट्रेपासून लांब ठेवा, विशेषतः मॅग्नेटवालं कव्हर असेल तर. जुन्या घड्याळातली केसासारखी स्प्रिंग मॅग्नेट झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळायला लागतं. ओमेगाच्या नव्या, 'मास्टर क्रोनोमीटर' प्रमाणपत्र असलेल्या घड्याळांना १५,००० गॉसपर्यंतच्या (गॉस हे चुंबकशक्तीचं माप) मॅग्नेटनेही काही होत नाही, पण शेजाऱ्याच्या हातात १९६८ चं घड्याळ असेल तर?

भिंग असेल तर १० एक्सचं घेऊन जा, लगेच चार मित्र होतात. हेसालाइट म्हणजे प्लास्टिकच्या काचेचा मूनवॉच (तोच चंद्रवाला स्पीडमास्टर) मिळाला तर काचेच्या बरोबर मध्यावर बघा, ओमेगाचं इवलंसं चिन्ह कोरलेलं असतं, नुसत्या डोळ्याला पटकन दिसत नाही. जुना पीस असेल तर बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या आकड्यांच्या कड्यावर, ९० च्या आकड्याशी ठिपका कुठे आहे ते बघतात, आकड्याच्या वर असेल तर बेझल साधारण १९७० च्या आधीचं, आणि मग त्यावर अर्धा तास वाद.

'कितीला पडलं?' हे आपल्या तोंडातून आपोआप निघतं, तेवढं आवरा. त्याऐवजी 'कसं मिळालं हो?' विचारा, माणूस वेटिंग लिस्टपासून बायकोला काय सांगितलं तिथपर्यंत सगळं सांगतो, किंमतसुद्धा. फोटो काढताना सीरियल नंबर आणि वॉरंटी कार्ड येऊ देऊ नका, चेहरे टाकायचे असतील तर विचारून.

दुसऱ्या ब्रँडचं घालून गेलं तर चालतं का, हे मला खूप जण विचारतात. चालतं. मी एचएमटी पायलट घालून गेलो होतो, ऑनलाइन घेतलेला, एकदम चकचकीत काळी डायल, मला फार अभिमान त्याचा. एका काकांनी भिंग लावलं, बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "डायल मूळची नाही, नंतर रंगवलेली आहे रे, मिनिटांच्या रेघा बघ, ३ च्या जवळ जाड झाल्यात." सगळ्यांसमोर बोलले नाहीत हे विशेष. तुम्हालाही कोणाच्या घड्याळात असं काही दिसलं तर असंच करा.

शेवटी सेल्सवाले गोड बोलून 'आजच बुक करता का सर' म्हणतील. नाव नोंदवा, अॅडव्हान्स घरी जाऊन विचार करून द्या. २ लाखांच्या वर पॅन लागतं आणि १० लाखांच्या वरच्या घड्याळावर एप्रिल २०२५ पासून १ टक्का टीसीएसही (विकणारा किमतीवर वरून घेतो तो आगाऊ कर) लागतो, तो रिटर्नमध्ये मिळतो पण त्या दिवशी खिशातून जातोच. आणि निघताना ट्रेकडे एकदा बघा, दुसऱ्यांची घालून बघण्याच्या नादात स्वतःचं तिथेच विसरणारा दर वेळी एकजण तरी असतो.